चप्पल हरवली तो सिनेमा

मंदाकिनी आगाशे यांना सिनेमाचं वेड होतं असं कोणी म्हटलं असतं, तर त्या स्वतःच रागावल्या असत्या. वेड वगैरे काही नाही. त्यांना एक सिनेमा आवडला होता. एकच. बाकीचे त्यांनी लोकांच्या आग्रहाखातर पाहिले आणि "बरा होता" म्हणून पदर खोचून कामाला लागल्या. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई ती. नकाशात नाही त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांना आवडलेला तो एक सिनेमा तर कुठल्याच नकाशात सापडत नव्हता. दैवाला अशी थट्टा करायची खोड असते, त्याला काय करणार.

सिनेमाचं नाव 'लॅम्प ॲट केल्बी'. इंग्रजी, काळापांढरा, मंदाताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानासुद्धा जुनाच म्हणून गणला जाणारा. थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे द्वारकाताईबरोबर, नारायण पेठेतून सायकली मारत कॅम्पात जाऊन रविवारच्या मॉर्निंग शोला त्यांनी तो पाहिला. द्वारकाताई तेव्हा नुकती सरकारी कचेरीत चिकटली होती. लग्नाच्या भानगडीत पडायचं नाही हे तिने ठरवून टाकलं होतं आणि स्वतःच्या पगारातून धाकटीला इंग्रजी सिनेमे दाखवायचे हेही. घरी विचारलं तर "इंग्रजी सुधारतं" हे उत्तर तयार असे.

आता हा सिनेमा मंदाताई कशा सांगत ते ऐकायला हवं, कारण विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत तो न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. वीज गेली की त्या सांगत. ब्रिटिश बेटांचा किनारा शिकवताना वर्गात सांगत. सलोनी सून होऊन यायच्या आधी, पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा पोह्यांबरोबर तिलाही सांगितला.

केल्बी हे कोळ्यांचं गाव. टॉम नावाचा कोळी आणि त्याची बायको एलन. टॉम समुद्रावर गेला की एलन खिडकीत दिवा लावून ठेवते, तो परत आला की विझवते. एकदा भयंकर वादळ होतं. दुसऱ्यांना वाचवायला टॉम होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. त्याची टोपी तेवढी किनाऱ्याला लागते. पाद्री येतो, गाव गोळा होतं, एलन काळे कपडे घालते, आणि आपल्या हाताने तो दिवा मालवते.

"आणि इथे," मंदाताई हात वर करून म्हणत, "माझी चप्पल गेली."

रडता रडता त्यांनी पाय आखडून घेतले आणि एक चप्पल सुटून पुढच्या खुर्चीखाली गेली. नवी चप्पल, लक्ष्मी रोडवरून आणलेली. हरवून घरी गेलं तर आईने पुन्हा सिनेमाचं नाव काढू दिलं नसतं. म्हणून त्या अंधारात खाली वाकून, लोकांच्या पायांमधून चाचपत राहिल्या. सापडली एकदाची. ती घालून वर येऊन बघतात तो पडद्यावर दार उघडतंय. दारात टॉम उभा, खांद्यावर ओलं जाळं. एलन एक शब्द बोलत नाही. पाव घेते, जाड तुकडा कापते, त्याच्यापुढे ठेवते. त्याला मीठ लागतं हे तिला आठवतं, म्हणून मिठाचं भांडं पुढे सरकवते. तो खायला लागतो. संपला सिनेमा.

"एवढंच?" सलोनीने विचारलं होतं.

"एवढंच म्हणजे? मेलेला माणूस घरी आला आणि तिने त्याला जेवायला वाढलं. अजून काय पाहिजे?"

"पण मग तिचा काळा ड्रेस? तो कधी बदलला?"

"मी चप्पल शोधत होते तेव्हा," मंदाताई म्हणाल्या आणि विषय मिटला. गोष्टीची शेपटीही ठरलेली असे. बाहेर पडताना जिन्यावर एक प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगत होते की पाश्चात्यांचं हे नवं तंत्र आहे, त्यांच्याकडे काळ सरळ रेषेत चालत नाही. विद्यार्थी माना डोलवत होते. द्वारकाताईने घरी येईपर्यंत त्या प्राध्यापकांची नक्कल करून धाकटीला हसवलं होतं.

तो सिनेमा पुन्हा बघायचा एवढी एकच चैन मंदाताईंनी आयुष्यात मागितली, आणि ती काही केल्या मिळेना. व्हिडिओ आले तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या रामदासच्या लायब्ररीत गेल्या. रामदास भला माणूस. त्याने सगळ्या कॅसेटी उलथ्यापालथ्या केल्या आणि म्हणाला, "बाई, इंग्लिशमध्ये मारामारीचे आहेत, भुताचे आहेत. कोळ्याचा नाही." मग केबल आली. गच्चीगच्चीवर तबकड्या बसल्या, इंग्रजी सिनेमांचं स्वतंत्र चॅनेल सुरू झालं. मंदाताई पेपरातला कार्यक्रमांचा रकाना भिंग लावून वाचायच्या. पुढे व्हीसीडी आल्या, रस्त्यावर चादर टाकून विकायला लागले. केल्बीचं नाव नाही.

त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं थोडं, पण प्रत्येक वाक्याला धार लावलेली. "सरकारने सगळं खुलं केलं," ते म्हणत. "परदेशी साबण आले, परदेशी मोटारी आल्या. हिच्या टॉमलाच तेवढा परवाना मिळेना."

थट्टा चालायची, कारण साक्षीदार होता. कोणी फार छेडलं की मंदाताई म्हणत, "ताईला विचारा." आणि द्वारकाताई पेपरातून डोकं वर न काढता म्हणे, "येतो, येतो. पाव खातो. मी पाहिलंय." मग बोलायची कोणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर द्वारकाताई बहिणीकडेच राहायला आली, आणि तिथेच हळूहळू ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. हे सगळं सावकाश झालं आणि मंदाताईंच्या डोळ्यांदेखत झालं. नोकरदार, करारी बाई, पण शेवटी शेवटी आमोदला, स्वतःच्या भाच्याला, "आपण कोण?" म्हणून आदराने विचारायची. एक सिनेमा मात्र तिला आठवत असे. तोसुद्धा धड नव्हे. खिडकीशी बसून ती एकच वाक्य म्हणायची: "सगळे उभे राहिले, आणि मग तो घरी आला."

"कोण उभे राहिले गं ताई?"

"सगळे. थेटरातले सगळे. आणि मग तो घरी आला."

मंदाताईंना ते ऐकवत नसे. कोणी उभं राहिलं नव्हतं. त्या तिथेच होत्या की! टॉमला मान द्यायला सगळं थिएटर उभं राहिलं, असं ताईच्या बिचाऱ्या डोक्याने रचलं होतं. सुरुवातीला त्यांनी एकदोनदा समजावलं, "नाही गं, असं नाही झालं." पुढे नुसतं "हो" म्हणायला शिकल्या. द्वारकाताई गेली त्या आठवड्यातसुद्धा तेच म्हणत होती. ती गेल्यावर टॉम परत आल्याचा जगात एकच साक्षीदार उरला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मंदाताईंना एकदा किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली.

किल्ली काय, कोणाचीही जाते. त्यांनी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस दूध गॅसवर ठेवून त्या फुलं आणायला गेल्या आणि परत आल्या तेव्हा शेजारच्यांनी गॅस बंद केलेला होता. मग बसचा प्रकार. डेक्कनवरून परत येताना त्या आळंदीच्या बसमध्ये बसल्या, विश्रांतवाडीला उतरायचं, कायमचा स्टॉप. पण खिडकीतून बघता बघता स्टॉप कधी गेला कळलंच नाही, आणि बस थेट आळंदीत जाऊन उभी राहिली. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "म्हटलं, दर्शन घेऊन यावं." प्रसादाचा पेढासुद्धा यज्ञेश्वररावांच्या हातावर ठेवला. यज्ञेश्वररावांनी पेढा तोंडात टाकला आणि एकही टोमणा मारला नाही. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

मंदाताईंना कळत होतं की यज्ञेश्वररावांना कळलंय. घरात हे असं चालू असताना आमोदने एक घोळ घातला.

आमोद सॉफ्टवेअरमध्ये, सलोनीही. वाघोलीला नवीन फ्लॅट घेऊन राहत होते, रविवारी जेवायला येत. सलोनीला तेव्हा कंपनीने कामासाठी इंग्लंडला पाठवलं होतं, म्हणून आमोद एकटाच आला, बगलेत लॅपटॉप घेऊन आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आई, सापडला! तुझा केल्बी इंटरनेटवर सापडला. खरंच आहे असा सिनेमा."

मंदाताई हात पुसत बाहेर आल्या. "वाच, वाच."

आमोद वाचायला लागला. कोळ्यांचं गाव, टॉम, एलन, खिडकीतला दिवा. प्रत्येक शब्दाला मंदाताई मान हलवत होत्या. मग आमोद थांबला. "अरे? आई, यात तर टॉम मरतो."

"हो, म्हणजे सगळ्यांना वाटतं तसं."

"नाही, मरतोच. बुडतो. ती दिवा मालवते आणि द एन्ड. इथे दोन-तीन जणांनी लिहिलंय. कुणी म्हणतंय, इतका सॅड एन्डिंग त्या काळात नव्हता."

"येतो तो परत," मंदाताई म्हणाल्या.

"चला," यज्ञेश्वरराव सवयीने बोलून गेले, "एका माणसाला हिने परस्पर जिवंत केलं." बोलून झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. कोणीच हसलं नाही.

मंदाताई आत जाऊन पोळ्या लाटायला लागल्या. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. आयुष्यात त्यांना सगळ्यांत लख्ख काय आठवत असेल तर ती पावाची जाड कड आणि ते मिठाचं भांडं. आमोदचा जन्मसुद्धा इतका स्पष्ट आठवत नव्हता. आणि तेच मुळात झालेलं नसेल तर? ताईने सगळ्या थिएटरला उभं केलं, आपण बुडालेल्या माणसाला घरी आणलं. दोघी एका आईच्या. म्हणजे हे आत्ता सुरू झालेलं नाही. हे तरुणपणापासूनच आत कुठेतरी होतं, आणि आता बाहेर यायला लागलंय. त्यांना भीती वाटली. अगदी साधी भीती. आपण खिडकीशी बसून पोटच्या पोराला "आपण कोण?" विचारणार, ही.

जेवणं झाल्यावर त्या आमोदला म्हणाल्या, "मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव."

"आई, अगं सिनेमाचं काय एवढं मनावर—"

"सिनेमाचं नाही. घे म्हटलं ना."

त्या दिवसापासून त्यांनी केल्बीचं नाव काढलं नाही. वीज गेली की गप्प बसून राहायच्या. सोसायटीतल्या बायकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

सलोनी परत आली तेव्हा तिच्या बॅगेत तो सिनेमा होता. तिकडे एक लहानशी कंपनी आहे. जुने, कोणाच्या ध्यानीमनी नसलेले ब्रिटिश सिनेमे कुठकुठल्या तळघरांतून शोधून काढते, त्यांच्यावरचे ओरखडे पुसते आणि डीव्हीडीवर आणते. दुकानात सलोनी शेल्फासमोर उभी होती ती दुसऱ्याच कशासाठी, आणि तिची नजर केल्बीवर पडली. आनंदाने तिने उचलला. पैसे देईपर्यंत आमोदने फोनवर सांगितलेलं सगळं आठवलं आणि तिचा हात जड झाला. बॅगेत आणला खरा, पण इथे आल्यावर बरेच दिवस तो तिने कपाटातच ठेवला होता. पोरगी मोठी समजूतदार. सासूच्या हातात आपण औषध देतोय की दुसरं काही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

डॉक्टरांची तारीख तोंडावर आली तशी एका शनिवारी ती एकटीच विश्रांतवाडीला आली आणि डबी मंदाताईंच्या मांडीवर ठेवली. वर खिडकीचं चित्र, खिडकीत दिवा.

"आई, मी पाहिलेला नाहीये. सीलपण काढलेलं नाही. तुम्हाला नको असेल तर आपण तो आणलाच नव्हता असं समजू."

मंदाताईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं त्यांनी मुद्दाम वाचलं नाही. "उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "मॉर्निंग शो ठेवू. सगळे या."

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीचे पडदे ओढले. यज्ञेश्वररावांनी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता. का ते कोणी विचारलं नाही. आमोदने डिस्क आत सरकवली. यंत्राने घरघर केली आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी झळकवली की ही डिस्क या विभागात चालणार नाही.

"म्हणजे?" मंदाताई म्हणाल्या.

"रीजन कोड, आई. इंग्लंडची डिस्क इंडियातल्या प्लेअरला चालत नाही."

"मग इतका लांबून आणला कशाला?"

"टेलिफोनसारखंच आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "विलायतेची लाइन मिळाली, पण मधलं एक्सचेंज बोलू देत नाहीये. ऑपरेटरला धरा."

ऑपरेटर म्हणजे सलोनी. तिने फोनवरून कोणाला तरी विचारलं, रिमोटवर काही आकडे दाबले, यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा दाबले. मंदाताई तिच्या बोटांकडे बघत होत्या. नाही चाललं तर बरं, असंही त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं. आणि चाललं. समुद्राचा आवाज खोलीत भरला आणि पाठोपाठ वाद्यांचा.

मंदाताईंनी तळहात एकमेकांत धरून ठेवले. केल्बी आलं. चढाची गल्ली, दगडी घरं, सगळं ओळखीचं, फक्त कितीतरी स्वच्छ. कॅम्पातल्या प्रिंटवर कायम ओरखड्यांचा पाऊस पडत असे आणि ती दर थोड्या वेळाने तुटायची. मधेच गोष्टीने उडी मारली तरी प्रेक्षकांपैकी कोणाला त्याचं काही वाटत नसे. इथे मात्र एलनच्या कपाळावरची बट दिसत होती. टॉम समुद्रावर गेला. वारा सुटला. एलनने दिवा लावला आणि खिडकीशी बसली. बोटी एकेक करून परत आल्या, टॉमची नाही आली.

आणि दार उघडलं.

दारात टॉम उभा होता, खांद्यावर ओलं जाळं. एलन काही बोलली नाही. तिने पाव घेतला आणि जाड तुकडा कापला.

"हाच!" मंदाताई ओरडल्या. "हाच तो! आता मीठ बघा, मीठ!"

एलनने मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

आमोदने टाळी वाजवली, सलोनीने सासूचा हात धरला. मंदाताईंचे डोळे वाहत होते आणि त्या पुसतही नव्हत्या. होतं. ते होतं. पावाची कड होती, मीठ होतं, त्यांनी काही म्हणजे काही रचलेलं नव्हतं.

पण सिनेमा संपला नाही. टॉम जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी जाळं दुरुस्त करायला बसला. दिवस गेले. मग दुसरं वादळ आलं, पहिल्याहून भयंकर, आणि टॉम दुसऱ्यांना वाचवायला होडी घेऊन गेला. टोपी किनाऱ्याला लागली. एलनने काळे कपडे घातले, दिवा मालवला. अंधाऱ्या खिडकीवर अक्षरं आली, द एन्ड.

"आई," आमोद हळूच म्हणाला, "सीन आहे ना पण. तुला सगळा आठवत होता. मागचं पुढे झालं, एवढंच. इतक्या वर्षांत कोणाचंही होईल."

मंदाताईंनी मान हलवली, पण ते आत पोचलं नाही. मागचं पुढे होणं म्हणजे काय, हे त्यांनी ताईच्या बाबतीत पाहिलं होतं. अशीच सुरुवात होते.

यज्ञेश्वररावांना हे बघवेना. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चहा टाकतो," म्हणाले. मग पडद्यावरच्या अक्षरांकडे बघून, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आमच्या वेळी इथे ताठ उभं राहायला लागायचं. द एन्ड आलं की जन गण मन. लोक दाराकडे पळायला बघायचे आणि डोअरकीपर अडवायचा."

ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले असतील.

"थांबा," मंदाताई म्हणाल्या. "काय म्हणालात?"

"चहा टाकतो म्हटलं."

"ते नाही हो! उभं राहायचं ते."

"राष्ट्रगीत लागायचं ना सिनेमा संपल्यावर. चीनच्या लढाईनंतर सुरू झालं होतं. विसरलीस?"

मंदाताई विसरल्या नव्हत्या. उलट एकदम सगळं आठवत होतं. खुर्च्यांखालचा धुळीचा वास, कुणाच्या तरी बुटाचं टोक, आणि खुर्च्यांच्या बैठका खाडखाड वर झाल्याचा आवाज. त्या खाली वाकून चाचपत असतानाच झालेला तो आवाज! इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यात होता आणि कशाचा ते त्यांनी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. सगळं थिएटर एकदम उठलं होतं.

"सगळे उभे राहिले," त्या म्हणाल्या, "आणि मग तो घरी आला."

"मावशी म्हणायची ते?" आमोदने विचारलं.

"अरे, खरंच उभे राहिले होते! द एन्ड आलं म्हणून उभे राहिले. राष्ट्रगीताची वाट बघत. आणि मी चपलेसाठी खाली. मला ना द एन्ड दिसलं, ना लोक." मंदाताई आता भूगोलाच्या तासाला बोलत तशा बोटाने हवेत नकाशा काढत होत्या. "सिनेमा तेव्हा तुकड्यातुकड्यांनी रिळांवर यायचा. त्या मशीनवाल्याने शेवटचं रीळ आधी लावलं रे. त्याच्या आधीचं राहिलं हातात. मग द एन्ड झाल्यावर ते लावून दिलं. राष्ट्रगीत लागलंच नाही, टॉम आला. झालं! सगळे परत बसले. मी वर आले तर सगळे बसलेले."

सलोनीच्या तोंडून "ओह माय गॉड" निघालं. "म्हणून ड्रेस! म्हणून दिवापण परत लागलेला!"

"पण आई, सिनेमा संपून परत सुरू होतो आणि अख्ख्या थिएटरमध्ये एकही माणूस ओरडला नाही?"

यावर यज्ञेश्वरराव स्वयंपाकघराच्या दारातून बोलले, आणि त्यांच्या आवाजाला पुन्हा धार आलेली होती. "पुण्यातला मॉर्निंग शो. इंग्रजी सिनेमा. ओरडणार कोण? जो ओरडेल त्याला कळलं नाही असं ठरणार. त्यापेक्षा टॉमला जिवंत होऊ दिलेलं बरं."

"आणि ते प्राध्यापक!" मंदाताईंना हसू फुटलं. "काळ म्हणे सरळ रेषेत चालत नाही!" त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. पदर तोंडाला लावून हसल्या, हसता हसता रडल्या, पुन्हा हसल्या. कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. सगळ्या पुण्याला जमलं नाही ते द्वारकाताईने केलं होतं, जे झालं ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. नावं गेली, वार गेले, माणसं गेली, पण हे तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि आपण तिला "हो, हो" म्हणत राहिलो. मंदाताईंचं मन त्या हसण्यातच भरून आलं, पण त्याला आता काटा नव्हता. ताई खरं बोलत होती, एवढं पुरे होतं.

"डॉक्टरांचं कॅन्सल करू का मग?" आमोदने विचारलं.

"कशाला? आळंदीला गेले होते ती काही रीळवाल्याची चूक नव्हती," मंदाताई म्हणाल्या. यज्ञेश्वररावांनी चमकून पाहिलं. "कळत होतं मला, तुम्हाला कळलंय ते. जाऊन येऊ. रक्तात काही कमी असेल, वय झालंय, काय ते सांगतील. जे असेल ते बघू." त्या मोकळेपणाने बोलत होत्या आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. भीती कुठे गेली ते कळत नव्हतं.

चहा झाला. कप विसळायला कोणी उठेना. मग मंदाताईंनी सुनेला विचारलं, "यात हवा तो भाग आधी लावता येतो का गं?"

"येतो ना. सीन सिलेक्ट करता येतो."

"मग शेवटचं वादळ लाव. ते संपलं की पावाचा सीन. आमच्या क्रमाने."

सलोनीने रिमोट हातात घेतला. पुन्हा वादळ आलं, पुन्हा टोपी किनाऱ्याला लागली. एलनने दिवा मालवला आणि खिडकीवर अक्षरं उमटली. मंदाताई उठून उभ्या राहिल्या. यज्ञेश्वररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, सदरा खाली ओढला आणि ताठ उभे राहिले. आमोद उठला. सलोनीही हातातल्या रिमोटसह उठली आणि उभ्याउभ्याच बटण दाबलं.

दार उघडलं. टॉम आत आला.

"ताई, आला बघ गं घरी," मंदाताई म्हणाल्या, आणि मग सगळे खाली बसले.